अंगणातली फरशी का डुगडुगते?

अंबरनाथचे शिवमंदिर तुम्ही पाहिले असेल. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. वालधुनीकाठचे इतके पावसाळे दगडाने सोसले. मग बदलापुरातील एखाद्या अंगणात नवी फरशी पहिल्याच पावसात का डुगडुगते?

दोष दगडाचा नसून तळाचा असतो. चिकण माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. फरशीही तिच्याबरोबर खालीवर होते. पाण्याने माती वाहून गेली की खाली पोकळी राहते. मग एका कोपऱ्यावर पाय पडताच समोरचा कोपरा उचलतो आणि आजी अडखळते.

यावर उपाय आहे. माती १८ सेंटिमीटर खणून काढा. १० सेंटिमीटर मुरूम घालून, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोका. कडेचे दगड दोरीत बसवा. मध्ये ४ सेंटिमीटर वाळू पसरा व तिच्यावर ४ सेंटिमीटर जाडीची शहाबादी फरशी ठेवा. वाळू फरशीला सर्वत्र टेकते, त्यामुळे भार सारखा वाटला जातो. रुंदीत मीटरला २ सेंटिमीटर उतार द्या. उताराकडचे दगड फरशीहून उंच नकोत, पाणी अडेल.

कडेचे दगड केवळ शोभेसाठी असतात काय? पाटावर मूठभर कोरडी वाळू ठेवून विटेने दाबा. ती बाजूंना पसरेल. आता तीच वाळू डब्याच्या झाकणात भरून दाबा. उत्तर तुम्हांलाच सापडेल!