दाढीचा हक्क आणि तांबीचा खर्च

मूल कधी व्हावे, दोन मुलांत किती अंतर असावे, हा पती-पत्नीचा आपसातला मामला. त्यात मालकाचा काय संबंध, असे आपल्याकडे कुणीही विचारील. आपल्या सरकारी दवाखान्यात तांबी आणि गोळ्या मोफत मिळतात. नोकरी देणाऱ्याला त्याची खबरही नसते. अमेरिकेत मात्र कोट्यवधी कुटुंबांचा आरोग्यविमा नोकरीमार्फत येतो. म्हणूनच हा घरातला प्रश्न तिथे मालकाच्या दारी गेला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

दुकानदार आणि नन

2010 साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या काळात आरोग्यविम्याचा नवा कायदा झाला. संततिनियमनाची मान्यताप्राप्त साधने स्त्रियांना विम्यातून, वेगळा खर्च न पडता मिळावीत, असे त्याखालील नियमांनी ठरवले. चर्चसारख्या प्रार्थनास्थळांना यातून सूट होती, व्यापाऱ्यांना नव्हती.

ओक्लाहोमातील ‘हॉबी लॉबी’ ही हस्तकलेच्या सामानाची दुकाने एका धार्मिक ख्रिस्ती कुटुंबाची. कर्मचारी 13,000 हून अधिक. या कुटुंबाचा संततिनियमनाला सरसकट विरोध नव्हता. 20 साधनांपैकी चारच, म्हणजे दोन प्रकारच्या आपत्कालीन गोळ्या आणि दोन प्रकारच्या तांबी, त्यांना मान्य नव्हत्या. फलित बीज त्यामुळे रुजत नसेल तर तो गर्भपातच, अशी त्यांची श्रद्धा. नियम मोडला तर वर्षाला सुमारे 47.5 कोटी डॉलर दंड झाला असता.

30 जून 2014 रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. आधार होता 1993 चा धर्मस्वातंत्र्य कायदा. एखाद्याच्या धर्माचरणावर मोठा भार टाकायचा असेल, तर सरकारला अत्यंत महत्त्वाचे कारण दाखवावे लागते आणि त्याहून सौम्य मार्ग उरला नाही हेही सिद्ध करावे लागते. विरोधी मत लिहिताना न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी दुसरी बाजू मांडली. किमान वेतनावर काम करणाऱ्या स्त्रीला तांबी बसवण्याचा खर्च जवळपास महिन्याच्या पगाराइतका पडतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

मग ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या नन पुढे आल्या. गरीब वृद्धांची सेवा करणाऱ्या या संस्थेचा वृद्धाश्रम मुंबईतही आहे. सरकारने धार्मिक संस्थांना सवलत दिली होती: आक्षेपाचा अर्ज भरा, खर्च विमा कंपनी परस्पर करील. नन म्हणाल्या, त्या अर्जावर सही करणे म्हणजेही गुनाहात सहभागी होणे. पुढे ट्रम्प सरकारने सूट खूप वाढवली आणि 2020 मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती राखली. या सुटीमुळे 70,500 ते 1,26,400 स्त्रियांचे विमासंरक्षण जाऊ शकते, असा खुद्द सरकारचाच अंदाज होता. कोर्टकज्जे त्यानंतरही थांबले नाहीत.

आपण कुठे उभे राहावे?

हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीनुसार पैगंबर (स.) यांच्या हयातीत सहाबा अज्ल करीत असत आणि त्यांना मनाई करण्यात आली नाही. याच आधारावर बहुसंख्य उलेमांनी तात्पुरते संततिनियमन जायज मानले; अनेकांनी त्यासाठी पत्नीची संमती आवश्यक ठरवली. इब्ने हज्म यांच्यासारख्यांचे मत वेगळे होते. गर्भ राहिल्यानंतरचा मसला तर पूर्णपणे निराळा. तात्पर्य, अमेरिकेत नोकरी करणारी एखादी मुस्लिम भगिनी दीनच्या मर्यादेत राहूनही या विम्याची गरजू असू शकते. तिच्या मालकाची श्रद्धा वेगळी, म्हणून खर्च मात्र तिच्या माथी.

मग हे आक्षेप फेटाळून मोकळे व्हावे? इतके सोपे नाही. आर्कान्सा राज्यातील एका मुस्लिम कैद्याने अर्धा इंच दाढी ठेवण्याची परवानगी मागितली. तुरुंगाने नाकारली. जानेवारी 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला ती एकमताने दिली. तो निकाल 2000 सालच्या अशाच एका कायद्याखालचा, कसोटीही तीच. दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती सॅम्युअल ॲलिटो यांचीच. हॉबी लॉबीसाठी लढलेली ‘बेकेट’ ही कायदेविषयक संस्थाच या कैद्यासाठीही लढली. ज्या छत्राखाली आपली दाढी सुरक्षित राहते, त्याखालून दुसऱ्याला हाकलता येत नाही.

गिन्सबर्ग यांनी दाढीच्या निकालाला पाठिंबा देताना मोजक्या शब्दांत फरक सांगितला: या सवलतीने, ती श्रद्धा न मानणाऱ्या कुणाचेही नुकसान होत नाही. कैद्याच्या दाढीची किंमत कुणा दुसऱ्याला मोजावी लागली नाही. तांबीच्या बाबतीत ती दुकानात उभे राहून काम करणाऱ्या बाईला मोजावी लागू शकते.

आपण अल्पसंख्य आहोत. धर्मस्वातंत्र्याची मागणी आपण करतो आणि करीत राहू. ती करताना हाच प्रश्न स्वतःलाही विचारायला हवा: माझ्या श्रद्धेचा खर्च मी उचलतो आहे, की तो गुपचूप दुसऱ्याच्या पगारातून कापला जातो? आपल्यापैकी ज्यांचे दुकान आहे, कारखाना आहे, घरी कामाला बाई येते, त्यांनी तर तो आधी विचारावा.