ईस्टरचा गोड घास

फाल्गुन सरत आला की नगर जिल्ह्यातील शिवारांचा रंग पालटू लागतो. गव्हाची कापणी झालेली असते, मळणी उरकून नवे गहू घरात येऊन पडतात आणि प्रवरेच्या काठची गुऱ्हाळे हंगामाचा शेवटचा गूळ काढीत असतात. उन्हे तापू लागतात, विहिरींचे पाणी खोल जाते. अशा या दिवसांत जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांचा एक मोठा सण येतो. तो सण म्हणजे ईस्टर.

येशू ख्रिस्ताला शुक्रवारी क्रूसावर खिळण्यात आले आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो मरणातून पुन्हा उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. त्या रविवारी ईस्टर साजरा करतात. त्याच्या आधी उपवासाचा काळ असतो. राखेच्या बुधवारी त्याचा आरंभ होतो आणि मधले रविवार वगळून त्याचे दिवस मोजले, तर ते बरोबर चाळीस भरतात. हा काळ साधेपणाने घालवावयाचा. पुष्कळ घरांत या दिवसांत मांसाहार व गोडधोड वर्ज्य असते. शुक्रवारचे दुःख आणि शनिवारची शांतता संपून रविवारचा सूर्य उगवला, की उपासना होते आणि मग घरोघरी तोंड गोड केले जाते.

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. ईस्टरची तारीख मात्र बदलत असते, कारण ती सूर्य आणि चंद्र या दोघांवरून ठरते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरावयाची आणि तिच्यानंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस मानावयाचा, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. ज्या घरी पंचांग पाहतात, त्यांना यात एक गंमत आढळेल. ही पौर्णिमा कधी फाल्गुनातली असते, तर कधी चैत्रातली. २०२४ साली होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर आला. पुढच्याच वर्षी तो हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर, २० एप्रिलला आला.

नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. पुढे रोमन कॅथलिक धर्मगुरूही जिल्ह्यात आले, आणि राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे या भागांतील खेड्यांतून ख्रिस्ती वस्ती वाढली. १८९५ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्यांनी नगर येथे अनेक वर्षे काम केले. ख्रिस्ती उपासनेत भजन आणि कीर्तन आणावे, देवाची स्तुती आपल्या भाषेत आणि आपल्या चालीवर गावी, असा त्यांचा आग्रह होता. टिळकांनी जे गाण्यात केले, ते स्वयंपाकघराने कोणी न सांगता केले, असे म्हणावयास हरकत नाही. सण दूरच्या देशातून आला. पण पीठ, गूळ, तूप आणि चूल ही सारी इथलीच होती. नाताळाच्या फराळात करंज्या आणि शंकरपाळे असतात, ते याचमुळे.

आता अंड्याची गोष्ट पाहू. ईस्टर म्हटला की रंगीत अंडी आठवतात. त्यामागे एक व्यवहाराची गोष्ट आहे. जुन्या काळी युरोपात चर्चच्या नियमानुसार उपवासाच्या दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र हा नियम ठाऊक नव्हता! हिवाळा संपून दिवस मोठा होऊ लागला, की कोंबड्या अधिक अंडी घालू लागतात. म्हणजे खाणारे थांबलेले आणि घालणाऱ्या जोरात. सहा आठवड्यांत घरोघरी अंड्यांचे ढीग साचत. काही अंडी उकडून ठेवली जात, आणि उपवास सुटताच ती वाटली जात. पुढे लोकांनी त्यात अर्थही पाहिला. कठीण कवच बंद, दगडासारखे निर्जीव दिसते आणि तेच फोडून जिवंत पिल्लू बाहेर येते. तशीच कबर उघडली, असे ते सांगू लागले. ग्रीस देशात आजही ही अंडी लाल रंगवतात.

रंगासाठी बाजारात जावे लागत नाही. नगर जिल्हा कांद्यासाठी प्रसिद्ध आहे आणि कांद्याची कोरडी टरफले कोणत्याही घरी फुकट मिळतात. दोन मुठी टरफले पाण्यात घालून पाणी गडद होईपर्यंत उकळावे, ते गाळून निवू द्यावे, त्यात चमचाभर शिर्का घालावा आणि त्या पाण्यात अंडी मंद आचेवर उकडावीत. कवचावर विटेसारखा तांबूस रंग चढतो. कवच चुनखडीचे असते. शिर्क्यातील आम्लामुळे ते किंचित खरबरीत होते व रंग धरून ठेवते. अंड्यावर कोथिंबिरीचे एखादे पान ठेवून वर पातळ फडके घट्ट बांधले, तर पानाखाली रंग पोचत नाही आणि पानाची नक्षी उठते. इतके झाल्यावर अंडी त्याच दिवशी खावीत. युरोपातील थंडीत ती टिकत. आपल्याकडच्या एप्रिलात ती टिकत नाहीत.

अंडी झाली, पण गोड पदार्थांचे काय? इंग्लंडात या सणाला बदामाच्या लगद्याने मढवलेला सिम्नेल केक करतात. त्यावर लगद्याचेच अकरा गोळे ठेवतात. ते येशूचे अकरा शिष्य होत. बारावा जो यहूदा, त्याने दगा दिला म्हणून त्याचा गोळा नाही. रशियात कुलिच नावाचा उंच, गोड पाव करतात. हे सर्व पदार्थ भट्टीत भाजावयाचे असतात, आणि खेड्यातील घरात भट्टी नसे. चूल होती, तवा होता, कढई होती. भट्टी असे ती शहरातल्या पाववाल्याकडे. महाराष्ट्रातील अनेक गावांत सणाच्या आधी लोक घरचे तूप, साखर आणि मैदा घेऊन बेकरीत जात आणि आपल्या डोळ्यांदेखत नानकटाई भाजून आणीत. ज्यांना तेवढे लांब जाणे शक्य नसे, त्यांनी चुलीचीच भट्टी केली.

ती कशी करतात, हे समजून घेण्यासारखे आहे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे जाडीचा बारीक, कोरड्या वाळूचा थर पसरावयाचा. वाळू नसेल तर जाडे मीठ चालते. त्यावर एक तिवई किंवा उलटी वाटी ठेवावयाची, तिच्यावर पदार्थाची ताटली आणि वर घट्ट झाकण. वाळू हळूहळू तापते व उष्णता सर्वत्र सारखी पसरवते; त्यामुळे पदार्थाचे बूड करपत नाही. पण एवढ्याने वरची बाजू फिकी राहते. म्हणून झाकणावर चार निखारे ठेवतात. आता पदार्थास खालून, वरून आणि सभोवारच्या तापल्या हवेतून उष्णता मिळते. मोठ्या भट्टीत तरी याहून वेगळे काय घडते? गॅसच्या शेगडीवर वाळूचे काम तसेच होते. निखाऱ्यांऐवजी झाकण तेवढे जड असावे आणि आच मंद ठेवावी. तापलेले पातेले उघडण्याचे आणि निखारे हाताळण्याचे काम घरातील वडीलधाऱ्या माणसांकडेच ठेवावे.

या भट्टीत सर्वांत चांगली होते ती नानकटाई. दोन वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी घट्ट तूप, थोडी वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर सोडा, एवढेच साहित्य लागते. पाणी मुळीच घालावयाचे नाही. परातीत तूप आणि साखर घेऊन तळहाताने फेसावे. साखरेचे बारीक कण तुपात घुसतात, प्रत्येक कणाबरोबर थोडी हवा आत जाते आणि तूप पांढरे व हलके होत जाते. येथे घाई करू नये. नानकटाई खुसखुशीत होणार की दगडासारखी, हे या फेसण्यावरच ठरते. एप्रिलच्या उन्हात तूप पातळ होते आणि पातळ तुपात हवा राहत नाही. म्हणून तुपाचे भांडे आधी काही वेळ माठातल्या गार पाण्यात ठेवावे. मग पिठे मिसळून अलगद गोळा करावा. मळू नये. पिठाच्या कणांभोवती तुपाचे आवरण बसल्यामुळे त्यातील चिकटपणा जागा होत नाही. मळले तर तो जागा होतो. लिंबाएवढे गोळे किंचित चपटे करून, भट्टी दहा मिनिटे तापल्यावर आत ठेवावेत. वीस-पंचवीस मिनिटांत त्यांना बारीक भेगा पडतात. बाहेर काढताना ते मऊ लागतात. कच्चे राहिले असे समजून पुन्हा भाजू नयेत. निवल्यावरच त्यांना कडकपणा येतो.

या पदार्थात गूळ का चालत नाही, असा प्रश्न पडेल. गुळात ओलावा असतो आणि तो हवेतील ओलावाही ओढून घेतो. त्यामुळे गुळाची नानकटाई मऊच राहते. नगरच्या घरांत साखर सहज मिळू लागली, त्यामागे मोठा इतिहास आहे. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्यांचे पाणी आले, उसाचे मळे वाढले आणि साखरेचे कारखाने निघाले. १९५० साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन त्यास लाभले होते. ज्या जिल्ह्याने पूर्वी दुष्काळांमागून दुष्काळ पाहिले, त्याच जिल्ह्यातून साखरेची पोती बाहेर जाऊ लागली. सणाच्या ताटातला बदल असा धरणापासून सुरू झालेला असतो.

शुक्रवारी काही घरांत क्रूसाची खूण असलेले गोड बन करतात. तो रिवाज मूळचा इंग्लंडचा. त्यातील कणीक यीस्ट घालून फुगवतात. यीस्ट म्हणजे अतिशय सूक्ष्म जीव. ते साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. त्या वायूचे बुडबुडे कणकेत अडकले, की ती वर येते. वसईकडे फुगे करताना आणि गोव्यात पाव करताना हेच काम पूर्वीपासून ताडीच्या आंबवणाने केले जाई. थंड देशात कणीक फुगण्यासाठी उबेची जागा शोधावी लागते; नगरच्या एप्रिलात उलट सावलीची जागा शोधावी, नाहीतर कणीक भराभर फुगून आंबट होते. फुगलेल्या गोळ्यांवर मैद्याच्या दाट खळीने क्रूस काढतात. खळीत साखर नसल्याने बन तांबूस झाला तरी क्रूस पांढराच राहतो.

गोवा, वसई आणि मुंबई येथे ईस्टरला लगद्याची गोड अंडी करतात. बदाम महाग, म्हणून तिकडे काजू आले. काजूची पूड साखरेच्या पाकात घालून, कडा सोडू लागेपर्यंत मंद आचेवर परतावयाची, कोमट असता तुपाच्या हाताने मळावयाची आणि लहान अंड्यांचे आकार द्यावयाचे. ज्या घरी काजूकतली होते, त्या घरास हे शिकवावे लागत नाही. काजूही परवडत नसतील, तर भाजलेले शेंगदाणे घ्यावेत. ते मात्र थांबून थांबून कुटावेत, एकदम कुटल्यास तेल सुटते. त्यात किसलेला गूळ मिसळून आकार दिला, की पाकाचीही गरज उरत नाही. रंगाने ही अंडी साधी दिसतात. चवीला ती काजूच्या अंड्यांपेक्षा सरस आहेत, असे पुष्कळ मुले शपथेवर सांगतील.

हे पदार्थ एकाच घरात संपत नाहीत. दिवाळीत शेजारच्या हिंदू घरातून फराळाचे ताट आलेले असते, ईदेला मुसलमान घरातून शीरखुर्मा आलेला असतो, आणि आलेले भांडे रिकामे परत करू नये, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. ईस्टरच्या दिवशी ती ताटे उलट्या दिशेने निघतात. येथे घरच्या बाईला विचार करावा लागतो. केकमध्ये अंडे असते, आणि शेजारी ते न खाणारे असतात. त्यांच्यापुढे ताट ठेवले आणि त्यांनी संकोचाने बाजूला सारले, तर सणाचा आनंद कोठे उरला? नानकटाईत मुळातच अंडे नसते. म्हणून तिची पहिली खेप वेगळ्या ताटलीत, अंडे न लागलेल्या हातांनी भाजली जाते, निवल्यावर कोरड्या डब्यात भरली जाते, आणि उपासनेहून परतल्यावर मुले ताटावर विणलेला रुमाल घालून आधी शेजारच्या घरांकडे निघतात.