तुमचा आवाज ९०० मेगाहर्ट्झवर चढतो कसा?

गावाकडे जाताना घाटात ४जी गायब होतं आणि फोन २जी पकडतो. त्यावेळी फोन जीएसएमवर असतो. तुमचा आवाज आकड्यांत बदलतो आणि ते आकडे लहरीची फेज पुढे-मागे सरकवून पाठवले जातात. लहरीची उंची मात्र तीच राहते. या मॉड्युलेशनला जीएमएसके म्हणतात.

हे काम कमी फ्रिक्वेन्सीवर करणं सोपं. पण हवेत जायचं तर ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर लागते. सरळ उपाय म्हणजे मिक्सर लावून सिग्नल वर चढवायचा. पण त्याच्यासोबत नॉइजही वर चढतो, आणि खरी गोम इथेच आहे. मूळ जीएसएम-९०० बँडमध्ये फोन ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि ९३५ ते ९६० वर ऐकतो. मध्ये फट जेमतेम २० ची! तुमच्या फोनचा नॉइज ऐकण्याच्या पट्ट्यात सांडला, तर शेजारच्याचा कॉल तुटू शकतो, कारण लांबच्या टॉवरचा सिग्नल त्याच्यापर्यंत पोचतो तोच मरतुकडा होऊन. तगडा फिल्टर लावता येतो, पण तो जागा खातो आणि बॅटरीही.

म्हणून इंजिनिअरांनी शक्कल लढवली: ऑफसेट फेज-लॉक्ड लूप. सिग्नल वर न्यायचाच नाही. वर एक ऑसिलेटर ठेवायचा आणि त्याला खालच्याची नक्कल करायला लावायची.

समजा मॉड्युलेशन २७० मेगाहर्ट्झवर तयार आहे. ऑसिलेटर ९०० वर चालतोय. त्याच्या लहरीतून ६३० ची स्वच्छ लहर वजा करा, उरले २७०. आता फेज डिटेक्टर दोन्ही २७० शेजारी ठेवून फेजमधला फरक मोजतो. तो फरक व्होल्टेज बनून, फिल्टरमधून गाळून, ऑसिलेटरला जातो आणि ऑसिलेटर लगेच सुधारतो. फरक मिटवत राहायचं, तर खालची प्रत्येक हालचाल ९०० वर जशीच्या तशी करावीच लागते.

इथे वजाबाकीच का, भागाकार का नाही? ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी दहाने भागून तुलना केली असती, तर वर फेजची हालचाल दहापट झाली असती. सगळं मॉड्युलेशनच बिघडलं असतं.

आणि नॉइज? लूप हळू बदल पाळतो, वेगवान गडबड पोचूच देत नाही. २० मेगाहर्ट्झ लांब उरतो तो मुख्यतः ऑसिलेटरचा स्वतःचा नॉइज, आणि तो बराच कमी ठेवता येतो.

४जी-५जीमध्ये लहरीची उंचीही माहिती वाहते. ऑसिलेटर उंचीची नक्कल करत नाही, त्यामुळे तिथे ही युक्ती एकटी पुरत नाही आणि मिक्सरच वापरतात. त्या मिक्सरला लागणारी कॅरिअर लहर मात्र आजही पीएलएलच बनवतो.