नांगराचें घराणें : किर्लोस्कर कुटुंबाचा वारसा

महसुली दप्तरांत घराण्याची योग्यता जमिनीचें क्षेत्र आणि आकार यांवरून ठरते. प्रस्तुत लेखकाची बरीच वर्षें तें दप्तर लिहिण्यांत गेलीं, म्हणून त्याची मर्यादाही त्यास ठाऊक आहे. जमीन कोणाच्या नांवें आहे हें दप्तर सांगतें. ती कसण्याची रीत कोणी बदलली, याची नोंद त्यांत कोठेंही नसते. अशा नोंदींत न सांपडणाऱ्या एका घराण्याचें ऋण महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांवर आहे. त्याचें स्मरण कृतज्ञतेनें, तसेंच डोळसपणें व्हावें, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

तें घराणें किर्लोस्करांचें. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. मुंबईस चित्रकलेचें शिक्षण घेत असतां त्यांस रंगभेद नीट ओळखतां येत नाहीं असें आढळलें. तेव्हां ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले व पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. ती नोकरी सोडून ते बेळगांवीं आले आणि बंधु रामुअण्णा यांच्यासह सायकलींच्या दुकानांत लक्ष घालूं लागले. तेथेंच कडबा कापण्याचीं यंत्रें व मागाहून लोखंडी नांगर तयार होऊं लागले.

आज लोखंडी नांगराविषयीं कोणासही शंका येत नाहीं. त्या काळीं मात्र लोखंडानें जमीन विषारी होते, अशी समजूत होती. लाकडी नांगरास लोखंडी फाळ पिढ्यान्‌पिढ्या लावला जात असे. भीति होती ती सबंध लोखंडी नांगराची. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. त्या शेतकऱ्यांस आज अडाणी म्हणून हसणें सोपें आहे. परंतु ज्याच्या वर्षाच्या भाकरीची सोय एका तुकड्यावर अवलंबून, त्यानें नवी वस्तु पारखून घ्यावी, यांत वावगें तें काय ? नांगर वाईट ठरला तर कारखानदाराचा एक नांगर परत येतो; जमीन नासली तर कुणब्याचा संसार बसतो. लाकडी नांगर भुई फाडतो, पण ढेकूळ उलथून पाडीत नाहीं. लोखंडी नांगर माती पालथी करतो, हरळी-कुंद्याच्या मुळ्या उन्हांत उघड्या टाकतो. हें शेतांत डोळ्यांनीं दिसल्यावर मात्र शेतकऱ्याचें मत बदललें.

या धडपडींतच बेळगांवच्या नगरपालिकेनें कारखान्याची जागा सोडण्यास सांगितलें. अशा प्रसंगीं औंध संस्थानचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आश्रय दिला. कुंडल रोड स्टेशनानजीकची ओसाड जागा व कर्जाऊ रक्कम त्यांनीं देऊं केली, आणि १९१० सालीं निवडुंग व सर्पांनीं भरलेल्या त्या माळावर वसाहत उभी राहूं लागली. तीच किर्लोस्करवाडी. पुढें स्टेशनासही तेंच नांव पडलें. या वसाहतींत लक्ष्मणरावांनीं अस्पृश्यतेस थारा दिला नाहीं, आणि शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांस रात्रीच्या पहाऱ्याचें काम विश्वासानें सोंपविलें.

घराण्याची पुढची पिढीही स्वस्थ बसली नाहीं. पुतणे शंकरराव यांनीं १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक सुरू केलें; त्याचेंच पुढें ‘किर्लोस्कर’ झालें, आणि १९३० सालीं त्याच्या जोडीस ‘स्त्री’ आलें. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेंत यंत्रशास्त्र शिकून आले. उंसाचे चरक, पाणी उपसण्याचे पंप, असा व्याप वाढत गेला, व १९४६ सालीं पुण्यास ऑइल इंजिनांची कंपनी स्थापन झाली.

या घराण्यावर मोठा घाला आला तो १९४८ सालीं. ३० जानेवारीस महात्मा गांधींची हत्या झाली, आणि त्यानंतर उसळलेल्या जाळपोळींत किर्लोस्करवाडीचा कारखाना भस्मसात झाला. लक्ष्मणरावांचें वय तेव्हां अठ्ठ्याहत्तर होतें. तरीही कारखाना त्याच माळावर पुन्हां उभा राहिला. १९५६ सालीं लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

तिकीट, रस्त्यास नांव, पुतळा, हे सन्मान योग्यच होत. परंतु शेतकऱ्यानें करावयाचा सन्मान निराळा असावा, असें आम्हांस वाटतें. मोटेच्या काळीं बैल दमले कीं विहिरीस आपोआप विसांवा मिळे. इंजिन दमत नाहीं, आणि त्यामागून आलेली विजेची मोटार तर मुळींच नाहीं. यंत्र करून देणाऱ्यानें आपलें काम चोख केलें. झऱ्याची आवक पाहून उपसा ठेवणें हें काम आपलें होतें, तें आपण किती केलें, हें आटलेल्या विहिरी सांगत आहेत. वारसा जपणें म्हणजे हातीं आलेलें साधन विवेकानें वापरणें, हा त्याचा अर्थ आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, या यशाचा अर्धा वांटा पहिल्या गिऱ्हाइकांचा आहे. शेजाऱ्यांचा उपहास सोसून ज्यानें पहिला लोखंडी नांगर आपल्या काळींत घातला, त्याचें नांव कोणत्याही ग्रंथांत नाहीं. गांवोगांवीं त्यांचे नातू-पणतू आहेत, आणि गोठ्याच्या आढ्याला किंवा कोठाराच्या कोपऱ्यांत तो गंजलेला नांगरही क्वचित् सांपडेल. आपल्या गांवीं पहिला लोखंडी नांगर, पहिला चरक, पहिलें इंजिन कोणी व कोणत्या सालीं आणिलें, हें जाणत्या माणसांस विचारून प्रत्येक सभासदानें लिहून काढावें, आणि संस्थेनें तें एका वहींत उतरून ठेवावें. सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. म्हणून हें काम येत्या सुगीच्या आंत व्हावें, अशी विनंति आहे.