रंगीत रीडर घेतला, मग जुन्याचं काय?

थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये मी एक रंगीत ई-बुक रीडर घेतला आणि घरात लगेच प्रश्न उभा राहिला, आता जुन्याचं काय करायचं? जुने फोन, बिनकामाचे चार्जर आणि केबलींचा गुंता असलेला एक ड्रॉवर तुमच्याकडेही असणारच. त्यात आणखी भर नको होती. डिसेंबरात पुण्याला जायचं होतं, म्हणून सोपा हिशेब मांडला: नवा मला, जुना आईला. आईनं सत्तरी ओलांडली आहे आणि छापील पुस्तकातली अक्षरं तिला आता नीट लागत नाहीत.

पण मनात टोचणी होतीच. आपलं वापरून झालेलं आईला द्यायचं? मग एका रविवारी दोन्ही रीडर खिडकीशी शेजारी ठेवले, दोन्हींचे दिवे बंद केले आणि एकाच मराठी कादंबरीचं तेच पान उघडलं. सात-आठ वर्षं जुन्या रीडरचा कागद जास्त पांढरा दिसत होता! नवा त्याच्यापुढे मळकट, ढगाळ दिवसासारखा.

असं का, हे समजायला ई-इंकच्या आत डोकवावं लागेल. हे तंत्रज्ञान नव्वदच्या दशकात एमआयटीत जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विकसित केलं. स्क्रीनमध्ये केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक तेलात तरंगणारे पांढरे आणि काळे कण असतात आणि त्यांचे विद्युतभार एकमेकांच्या विरुद्ध असतात. खालून व्होल्टेज दिलं की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. व्होल्टेज काढलं तरी कण जागच्या जागीच राहतात. म्हणून पान समोर असताना ते दिसत राहायला वीज लागत नाही, ती लागते पान उलटताना (आणि दिव्याला, वायफायला). पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ. मोबाइलची स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते. इथे मात्र खोलीतला प्रकाश या कणांवरून परतून तुमच्या डोळ्यात येतो. रीडरचा दिवासुद्धा मागून नव्हे, कडेनं पुढच्या थरातून स्क्रीनवर पडतो.

आता रंग कुठून आणायचा? माझ्या नव्या रीडरमध्ये कण काळे-पांढरेच आहेत. त्यांच्यावर लाल, हिरव्या, निळ्या बारीक ठिपक्यांची एक गाळणी बसवली आहे. लाल ठिपका फक्त लाल प्रकाश जाऊ देतो, उरलेला गिळतो. म्हणजे गाळणी अगदी काटेकोर असेल तर पांढऱ्या प्रकाशातला जेमतेम एक-तृतीयांश भाग परत येईल. प्रत्यक्षात ती मुद्दाम फिकी ठेवतात, त्यामुळे नुकसान कमी होतं, पण रंगही फिकेच राहतात. जाहिरातीत ३०० पीपीआय लिहिलेलं असतं ते काळ्या मजकुरासाठी. रंगीत चित्रांसाठी तोच आकडा १५० असतो. मिलिमीटरमध्ये मोजायचं तर बारा ठिपक्यांच्या जागी सहा.

दिवा वाढवला की काम भागतं, असं तुम्ही म्हणाल. माझं भागतं. पण वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर पडतं. ढोबळ मानानं, विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर एक-तृतीयांश प्रकाश पोचतो. आईच्या डोळ्याला आधीच कमी मिळतंय, त्यात गाळणी आणखी कापणार. शिवाय देवनागरीत फरक किती बारीक असतात पाहा: घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, वरचा अनुस्वार, रफार. इथे कागद आणि शाई यांच्यातला फरक, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, ठिपक्यांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तेव्हा वाटणी तीच राहिली, फक्त टोचणी गेली. आईसाठी चांगला रीडर जुनाच होता. नवा माझ्याकडे राहिला, कारण मला शोधनिबंधांतले आलेख वाचायचे असतात आणि लाल रेघ व निळी रेघ दोन्ही करड्या दिसल्या की चिडचिड होते. तुम्ही फक्त कथा-कादंबऱ्या वाचत असाल तर नवा परत करायचाही विचार करा, मुदत संपायच्या आत.

एक अडचण मात्र दोन्हींत सारखीच आहे. मराठीतली बरीच जुनी पुस्तकं स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात मिळतात. ती चित्रंच असल्यामुळे अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलींचं रूपांतर केलं तर भलतीच अक्षरं उमटतात. आईला द्यायच्या रीडरवर मी युनिकोड ईपबच भरले, फाँट आधीच मोठा केला आणि ओळींमधलं अंतर वाढवलं, म्हणजे वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडत नाहीत.

तुम्हीही जुना रीडर देणार असाल तर आपलं खातं त्यावरून काढा, नाहीतर आईनं एका बोटानं केलेली खरेदी तुमच्या कार्डावर पडेल. लायब्ररीतून उसनी आणलेली पुस्तकंही जातील, हे धरून चला. महिनाभर पडून राहणार असेल तर बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवा; लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण भरून उष्ण जागी पडणं सोसत नाही आणि पूर्ण रिकामी राहणंही नाही. विमानात हातातल्या बॅगेत न्या. आणि सोबत मायक्रो-यूएसबी केबल टाका. माझ्या जुन्या रीडरला तीच लागते, आणि पुण्याच्या घरात आता सगळे चार्जर टाइप-सीचे झालेत.