कॅमेरा घेताय? आधी लाईट, नेट आणि रेकॉर्डिंगचं बघा!

धाराशिव : सोयाबीनचे कट्टे घरात, शेळ्या गोठ्यात, मोटार अन् केबल विहिरीवर. घरची माणसं दिवसभर रानात आणि पोरं पुण्याला. अशा वेळी मोबाईलवर घर दिसणारा कॅमेरा कामाचा ठरतो. पण दुकानात 'किती मेगापिक्सल' एवढंच विचारून घेतलेला कॅमेरा नेमका चोरीच्या रात्री बंद असू शकतो. म्हणून घेण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात : लाईट गेल्यावर काय होणार, नेट कुठून मिळणार आणि रेकॉर्डिंग कुठे राहणार.

घराला वायफायचा, रानात सिमचा

वायफायच्या कॅमेऱ्याला घरात राऊटर लागतो. दगडी किंवा मातीच्या जाड भिंतीआड सिग्नल पडतो. त्यामुळे जिथे कॅमेरा लावायचा, तिथे उभं राहून आधी मोबाईलवर वायफाय चालतंय का ते पाहावं. लाईट गेली की राऊटर बंद आणि मोबाईलवरचं चित्रही बंद. यावर उपाय म्हणजे राऊटर आणि कॅमेरा दोन्हींना बॅकअप देणारा छोटा यूपीएस.

शेतवस्तीवर सौर पॅनल, बॅटरी आणि फोरजी सिम असलेला कॅमेरा बरा पडतो. सिम घेताना जागेवर कोणत्या कंपनीची रेंज येते ते बघूनच घ्यावं. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, झाडाची सावली पडणार नाही असं लावावं. पावसाळ्यात सलग ढग राहिले तर बॅटरी उतरते. बॅटरीवरचे बरेच कॅमेरे हालचाल दिसली की 'जागे' होतात, त्यामुळे सुरुवातीचे काही क्षण सुटू शकतात.

डेटाचा हिशोब

चित्र साधं, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट धरलं, तरी २४ तासांत सुमारे ११ जीबी डेटा होतो. रोजचा दीड जीबीचा पॅक सव्वातीन तासांत संपेल. म्हणून सिमच्या कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर ठेवावं आणि लाईव्ह गरजेपुरतंच बघावं. ६४ जीबीच्या कार्डात असं सलग रेकॉर्डिंग पाच-सहा दिवसांचं मावतं, नंतर जुनं पुसून नवं भरतं. चोरानं कॅमेराच नेला तर कार्डही जातं. म्हणून घरच्या वायफायवर क्लाऊडची सोय घ्यायची असेल तर महिन्याचा खर्च आधीच विचारावा.

व्हिडिओ डोअरबेल कुणासाठी?

दाराची बेल दाबली की बाहेरचा माणूस मोबाईलवर दिसतो आणि त्याच्याशी बोलताही येतं. आई-वडील एकटे असतील आणि दार बंद ठेवायची सवय असेल तर ही बेल उपयोगी आहे. दिवसभर दार उघडं आणि अंगणात ये-जा असेल, तर मात्र दर पाच मिनिटाला मोबाईल वाजेल अन् शेवटी कुणी बघणारच नाही. तिथे अंगणावर लावलेला साधा कॅमेराच बरा.

घेताना काय बघावं?

उघड्यावर लावायचा कॅमेरा 'आयपी ६५' किंवा त्याहून वरचा असावा, म्हणजे धूळ आणि पावसात टिकतो. चेहरा ओळखू यायचा तर तो वाटेजवळ, आठ-दहा फुटांवर असावा. फार उंच लावला तर नुसती टोपी दिसते. काचेपुढचं कोळ्याचं जाळं अधूनमधून पुसावं, नाहीतर रात्री खोटे अलर्ट येत राहतात.

केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या चाचणीचे नियम लागू केले आहेत. खोक्यावरचा 'आर' ने सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. बिल नक्की घ्यावं.

पासवर्ड आपला, अंगण आपलं

कॅमेऱ्याचं अ‍ॅप घरच्याच मोबाईल नंबरवर सुरू करावं, बसवणाऱ्याच्या नाही. कंपनीनं दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे किंवा न्हाणीकडे नको. कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण त्याच्या संमतीशिवाय केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भावकीतला बांधाचा वाद कॅमेऱ्यानं वाढू नये, एवढं भान ठेवावं.

चोरी झालीच तर

आधी ११२ वर फोन करावा. कार्ड फॉरमॅट करू नये, रेकॉर्डिंग कापू-जोडू नये. ग्रुपवर टाकण्याआधी पोलिसांना दाखवावं. ते कोर्टात पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवणं महत्त्वाचं.

कॅमेरा चोराला अडवत नाही, तो फक्त दाखवतो. त्यामुळे दाराचं कुलूप, गोठ्यावरचा दिवा आणि शेजाऱ्याशी बोलणं-चालणं हे आधी, कॅमेरा त्यानंतर.