मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा

पहाटे ४:३०
सांगली. मे महिना. घराच्या पुढच्या खोलीत ताईंचं पार्लर आहे. तिथेच जमिनीवर बसून त्या पेटी भरतायत. कन्सीलरच्या नळ्या एकेक करून उजेडात धरतात. प्रत्येक नळीला चिकटपट्टी, तिच्यावर उघडल्याची तारीख. नळीवर उघड्या डबीचं छोटं चिन्ह असतं, आत १२ एम. म्हणजे उघडल्यापासून १२ महिने. एकीचे महिने भरलेत, आत माल निम्मा शिल्लक. ताई ती बाजूला टाकतात. "साडेसहाशे गेले. पण डोळ्याखाली जुना माल लावायचा नाही."

५:१५
मंगल कार्यालयापर्यंत रिक्षाचे १८० रुपये. मदतीला गल्लीतलीच एक मुलगी आहे. तिला दिवसाचे ६००, जेवण मांडवात.

५:५०
नवरीच्या खोलीत ट्यूबलाइट. काल संध्याकाळी हळद झाली. केसांच्या कडेला, कानामागे, जबड्याखाली पिवळेपणा उरलाय. नवरीनं रात्री साबणानं खसाखसा धुतलं, तर गाल लाल झाले. आता तो लालपणाही झाकायचा. ताई कापसावर खोबरेल घेतात आणि हलक्या हातानं पुसतात. हळदीचा रंग तेलात सुटतो. मग फेसवॉश, मग मॉइश्चरायझर. ते मुरेपर्यंत चहा.

६:२०
उजाडलं. ताई नवरीला गॅलरीत नेतात. मला दिवसातली सगळ्यात महत्त्वाची वेळ हीच वाटली, आणि खोलीतल्या बाकी कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. जबड्यापासून मानेपर्यंत तीन छटांचे तीन पट्टे. मनगटावर बघत नाहीत, मनगट बहुतेकींचं चेहऱ्याहून उजळ असतं. पट्टे ओढून थांबायचं. काही माल सुकला की काळपट पडतो. जबड्याला अजून हळदीची छटा आहे, म्हणून मान आणि गळाही बघायचा. पाचेक मिनिटांनी मधला पट्टा शोधूनही सापडत नाही. तोच घ्यायचा.

मागून आत्या येते. "जरा गोरी दिसू दे की!"
"आत्या, मान एका रंगाची, तोंड दुसऱ्या रंगाचं दिसंल. फोटोत तसंच राहील जन्मभर."
आत्या गप्प. ताई मधलीच नळी घेतात. या मुलीचा सावळा रंग सुरेख आहे. तो सगळीकडे सारखा दिसावा, एवढंच काम.

६:४५
स्टीलच्या पट्टीवर थोडा माल काढला. नळी थेट चेहऱ्याला लावायची नाही, एकीच्या पुटकुळीचं दुसरीला नको. डोळ्यांखाली आधी नारिंगी करेक्टर, अगदी पातळ. वर्तुळं निळसर काळी आहेत. त्यांच्यावर थेट कन्सीलर लावला तर राख फासल्यासारखं दिसतं. अनामिकेनं टिपत जायचं, त्या बोटाचा जोर कमी पडतो. लाल गालांवर आणि हनुवटीच्या पुटकुळीवर हिरवट करेक्टर, नावापुरता. मग फाउंडेशन. त्यानंतर जिथं अजून डाग दिसतो तिथंच कन्सीलर. पुटकुळीवर टोकदार ब्रशनं ठिपका द्यायचा, मधे हात लावायचा नाही, फक्त कडा विरवायच्या. ओला स्पंज घासायचा नाही, दाबून उचलायचा.

"आता हस बघू."
नवरी हसते. डोळ्यांखाली बारीक रेघ उमटते. ताई ती स्पंजनं टिपतात, नजर वर करायला सांगतात आणि लगेच पावडर दाबतात. रेघ मोडायच्या आत पावडर लावली तर ती तिथंच बसते. पुन्हा हसवतात. रेघ नाही.

८:३०
आई, बहीण, करवली. प्रत्येकी ५००. भराभर.

११:००
नऊवारी, आंबाडा, मुंडावळ्या. मोत्यांची सर कानशिलाला घासते, तिथला बेस आधी निघतो. ताई तिथं पावडरचा आणखी एक हात देतात.

१२:३५
अक्षता पडतात. पंखे आहेत, पण वारा गरम. ताई स्टेजच्या पायरीशी उभ्या, हातात टिश्यू. नवरीच्या डोळ्यांत पाणी येतं. "पुसू नको गं, टीप." घडी घातलेला टिश्यू पुढे जातो.

दुपारी २:४५
जेवण झालं. ठरले होते ७,०००. आगाऊ २,००० मिळाले होते, आज ४,५०० हातात. उरलेले ५०० "नंतर देतो". ताई वहीत लिहून घेतात. पहाटेपासून त्या खुर्चीवर बसल्या त्या जेवायलाच.

४:३०
ब्रश शाम्पूनं धुऊन आडवे वाळत घातले. पट्टी स्पिरिटनं पुसली. आजचे स्पंज कचऱ्यात. फोन वाजतो, पुढच्या आठवड्यातली नवरी. ताई तिला उद्या सकाळीच बोलावतात, तोंड धुऊन, काही न लावता.

तुमच्या घरी लग्न असेल तर मुलीला हळदीच्या आधी पार्लरमध्ये पाठवा. सकाळच्या उजेडात. आणि छटा तिच्या मानेशी जुळवून घ्या.